ठमीचं पथ्य

भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळसुद्धा त्याने धडाधडा वाचून दाखवली, तेव्हा चष्मेवालीने हातातली भिंगं खाली ठेवली.

"डोळे तर ठणठणीत आहेत तुमचे. चष्मा कशाला हवाय?"

"हे वाचायला," म्हणत त्याने गणवेशाच्या खिशातून बिस्किटांचा पुडा काढला. पुड्याची मागची बाजू डोळ्यांसमोर धरली, मग जरा लांब, मग आणखी लांब... शेवटी हात संपला.

तिला हसू आवरेना. "हात पुरत नाहीये तुमचा."

"म्हणून तर आलो. लांब हात मिळतात का तुमच्याकडे?"

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. वरच्या मजल्यांची बंद पडलेली लिफ्ट चालू करायला सकाळपासून इमारतीत आला होता आणि जेवणाच्या सुट्टीत खालचं चष्म्याचं दुकान पाहून आत शिरला होता. बोटांच्या पेरांवर काळं ग्रीस, भुवईवर धूळ आणि डोळे असे, की तपासताना त्यांच्याकडे नुसतं भिंगातूनच पाहायचं असतं हे तिला स्वतःला बजावावं लागलं.

"द्या, मी वाचते. काय शोधताय?"

"गहू. आणि दूध."

"कुणाला चालत नाही? तुम्हाला?"

"माझ्या मुलीला," तो म्हणाला. "चार वर्षांची आहे."

तिचं हसू ओठांवरच थांबलं. लिफ्टवाला सांगत गेला. मुलगी तान्ही असतानाच तिची आई गेली. घरात तो, त्याची आई आणि ठमी. बाळपणी गुटगुटीत होती म्हणून ठमी. आता मात्र हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं फुगलेलं. खूप तपासण्यांनंतर कळलं, की गव्हातलं ग्लुटेन तिच्या आतड्याला सोसत नाही. ते जन्मभरासाठी बंद. आणि दुखावलेलं आतडं सावरेपर्यंत दूधही बंद.

"गव्हाचं पीठ, साखर, दुधाची भुकटी..." तिने वाचलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"गेलं हेही." त्याने पुडा पुन्हा खिशात टाकला. "चला, माझ्या चहाची सोय झाली."

चार दिवसांनी चष्मा न्यायला तो आला, तेव्हा ठमी सोबत होती. ती सरळ आरशासमोर गेली आणि एकामागून एक मोठाले चष्मे नाकावर चढवून बघू लागली.

"ही कोण?" तिने बापाला विचारलं.

"ह्या चष्मे देतात."

"पण हिला स्वतःला चष्मा नाहीये!" ठमी म्हणाली आणि चष्मेवालीला ती तिथल्या तिथे आवडून गेली. बापाचं काय, ते तिने स्वतःलाही लगेच सांगितलं नाही.

चष्मा लागला, बारीक अक्षरं दिसू लागली, तरी लिफ्टवाला येतच राहिला. कधी दांडी सैल झाली म्हणून, कधी काच पुसायचं फडकं हवं म्हणून.

"आठवड्यात तिसरं फडकं," ती म्हणाली. "खाता की काय?"

"ग्लुटेन नसतं ना त्यात?"

दोघं मिळून किराणा आणायला जाऊ लागली. सॉसमध्ये गहू लपलेला, चॉकलेटमध्ये दूध. तिने आपल्या घरी तांदळाच्या पिठाचा केक केला, तोही नवं भांडं, नवी चाळणी आणून. केक असा झाला, की सुरी वाकली.

"लिफ्टच्या दाराखाली लावायला उत्तम आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

"खाऊ नकोस मग!"

'खाऊ नकोस.' तिच्या तोंडून ते 'तू' निसटलं. मग त्याने मोठा घास तोडला, चावता चावता डोळ्यांत पाणी आलं, तरी चावत राहिला.

"तू असंच म्हण," घास गिळल्यावर तो हळूच म्हणाला. "बरं वाटतं."

पुढचे केक मऊ होत गेले. ती डबा भरून द्यायची, ठमी रिकामा करून पाठवायची. सगळं मार्गी लागलंय असं वाटत होतं... आणि तपासणीचा निकाल आला.

तो दुकानात आला तेव्हा बाहेर पाऊस लागला होता. केसांतून पाणी गळत होतं, ते पुसायचंही भान त्याला नव्हतं.

"वजन तसूभरही वाढलं नाही. रक्तातही काही फरक नाही. डॉक्टर म्हणतात, पोटात गहू जातोय. कुठून तरी... रोज."

"पण घरात तर गहू नाहीच ना?"

"नाही. बाहेरून येतो तो फक्त..." तो थांबला. नजर काउंटरवरच्या डब्यावर गेली होती.

तिनेही तिकडे पाहिलं. "माझा डबा?"

"मी असं म्हणत नाहीये. पण तुमच्या घरी गहू शिजतो. एखादा हात, एखादा चमचा... काही दिवस नको भेटायला आपण. मला तिच्या बाबतीत..." तो तसाच पावसात निघून गेला.

'तुमच्या घरी.' 'तू'चं पुन्हा 'तुम्ही' झालं, तिला तेवढंच लागलं. डब्यापेक्षाही जास्त.

त्यानंतर तो आला नाही. लिफ्टचा आवाज झाला, की तिची मान नकळत वळायची, आणि स्वतःचाच राग येऊन ती मांडलेले चष्मे पुन्हा पुन्हा मांडत बसायची.

एका दुपारी आली ती त्याची आई. चष्म्याची दांडी कुरकुरतेय म्हणाली. चष्मेवालीने स्क्रू घट्ट करून दिला, तरी म्हातारी उठेना. हातरुमालाची टोकं पिळत राहिली.

"तुझा डबा नव्हता गं," ती एकदम म्हणाली. "मीच देत होते. तो कामावर गेला, की पोर कुशीत शिरून मागायची. एकच बिस्किट, दुधात बुडवून. एवढ्याशाने काय होतंय, वाटलं मला. तिची आई गेल्यापासून मी असंच भरवलंय तिला. तिला उपाशी ठेवल्यासारखं वाटायचं..."

चष्मेवालीचा हात फोनकडे गेला. एक वाक्य, आणि तिच्यावरचा डाग पुसला गेला असता. पण समोर बसलेली बाई अजून हातरुमालाची टोकं पिळत होती. असं फोनवरून कळलं, तर तो घरी जाऊन काय बोलेल आणि त्यानंतर ही बाई नातीच्या तोंडात घास कोणत्या हाताने घालेल?

तिने फोन उलटा ठेवला. "काकू, हे त्याला तुम्हीच सांगायचं. मी सोबत येते."

"तो मला पोरीजवळ फिरकू देणार नाही."

"देईल. पण आधी सांगा, ठमीला नेमकं काय आवडतं? बिस्किट, की दूध?"

म्हातारी विचारात पडली. "मऊ होतं ना ते... तेच. जिभेवर विरघळतं."

दुकान मैत्रिणीवर सोपवून ती त्यांच्या स्वयंपाकघरात गेली. दडवलेले पुडे आधी काकूंनीच घराबाहेर टाकले. मग तांदळाचं पीठ, पिकलेलं केळं, थोडा गूळ. पहिल्या वड्या हातातच भुगा झाल्या.

"अगं, गार पाण्यात कसं धरेल तांदळाचं पीठ?" काकूंनी बाह्या सरसावल्या. "पाणी कढू दे. हं, आता मळ. अशी... तळहाताने."

भाजलेली वडी नारळाच्या दुधात बुडवून काकूंनी नातीला भरवली. ठमीने डोळे मिटले, तोंड हललं आणि मग ते पुन्हा उघडलं. चिमणीच्या पिल्लासारखं.

दारात लिफ्टवाला उभा होता.

काकूंनी सगळं सांगितलं. अडखळत, पण काही न लपवता. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तो आईशेजारी जमिनीवर बसला.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं असतंस?"

आईच्या हातातली वाटी घेऊन त्याने ठमीला दुसरी वडी भरवली आणि वाटी परत आईच्याच हातात दिली.

चष्मेवाली चपला घालून जिना उतरू लागली. तो मागून धावत आला.

"थांब ना! तुला हे कधीपासून ठाऊक होतं?"

"दुपारपासून."

"मग मला फोन का नाही केलास? मी तुझ्यावर आळ घेतला होता..."

"ते मी विसरलेले नाही." तिने मागे वळून पाहिलं नाही. "'तुम्ही' म्हणालात मला. 'तुमच्या घरी' म्हणालात."

दोन पायऱ्या वर तो उभा.

"मी घाबरलो होतो," तो म्हणाला. "एकदा माणूस गमावलंय मी. ठमीला जपायचं, तर जवळ येणाऱ्या प्रत्येकाला लांब ठेवायचं, एवढंच मला जमतं. पण तू नसलीस ना, की... घरात सगळं असून कशालाच चव नसते. मला तू हवी आहेस. डब्यासाठी नाही, ठमीसाठीही नाही. माझ्यासाठी."

ती वळली. गाल ओले होते, पण ओठांचा कोपरा हलला.

"मी रागावलेय."

"माहीत आहे."

"लवकर जायचा नाही राग."

"मग मी रोज येत जाईन... जाईपर्यंत."

"आणि गेल्यावर?"

"गेल्यावर यायचं कशाला? तूच माझ्या घरी असशील."

"बराच आगाऊ आहेस तू," ती म्हणाली. तिच्या तोंडी 'तू' परत आलेलं ऐकून तो उरलेल्या दोन पायऱ्या उतरून तिच्याजवळ आला.

पुढच्या तपासणीला चौघं मिळून गेली. डॉक्टरांनी कागद पाहिला, मग ठमीकडे पाहिलं आणि मोकळं हसल्या. रक्त सुधारत होतं. काही महिन्यांनी थोडं थोडं दूध देऊन बघता येईल, म्हणाल्या. गहू मात्र कधीच नाही. "नकोच आहे मला," ठमीने परस्पर सांगून टाकलं. काकूंनी कुणाला दिसू नये म्हणून चष्मा काढून पुसला.

परतताना संध्याकाळ झाली होती. ठमी चालून चालून कंटाळली आणि चष्मेवालीच्या खांद्यावर मान टाकून झोपून गेली. थोडं चालल्यावर चष्मेवालीचा हात भरून आला.

"जड झालीय गं," लिफ्टवाला म्हणाला. "दे इकडे."

"जड झालीय," ती म्हणाली आणि ठमीला आणखी जवळ ओढून घेतलं. "म्हणूनच नाही देत."