शनिवारी लिहिलेली मार्गदर्शिका

एकोणीस वर्षं झाली. तेव्हा मी वाचनालयात कामाला होते. सहा जुने संगणक आणि इंटरनेटची एकच मरतुकडी लाइन. सहाही संगणकांची ये-जा एकाच दारातून, रांगेनं व्हावी म्हणून मी एक प्रॉक्सी सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं... फुकटातलं, ज्याचा कोड कुणीही उघडून बघावा, बदलावा असं. पण त्याची मार्गदर्शिका! तीन दिवस डोकं फोडत होते.

"ही ज्यानं लिहिलीय ना, तो एकदा भेटू दे मला!"

पुस्तक बदलायला आलेल्या एका उंच तरुणाचे कान लालबुंद झाले.

"भेटला..." तो म्हणाला. "म्हणजे – मीच तो. सॉफ्टवेअरही माझंच."

मी ओशाळले, पण माघार घेतली नाही. "मग सांगा, 'पुढच्या पायऱ्या सोप्या आहेत' म्हणजे काय?"

"म्हणजे... मला लिहायचा कंटाळा आला होता."

मला हसू आवरेना.

मग दर शनिवारी दुपारी तो येऊ लागला. तो समजावायचा, मी सोप्या शब्दांत लिहायची. पेन्सिल एकच होती. देता-घेता बोटं लागायची आणि दोघंही स्क्रीनकडे बघायचो.

बाबा छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. पानं तपासता तपासता चष्म्यावरून बघत म्हणाले, "पोरी, एका पानात तीनदा 'आपण दोघं'? संगणकाच्या पुस्तकात?"

मी पानं ओढून घेतली.

मार्गदर्शिका पूर्ण झाली त्याच महिन्यात त्याला दूरच्या शहरातली मोठी नोकरी आली. अट एकच – या सॉफ्टवेअरचं काम सोडायचं.

"जाऊ?" त्यानं खिडकीपाशी विचारलं.

"मी कोण सांगणारी?"

"तुम्ही..." तो थांबला.

मला बोलता आलं असतं. पण मी म्हणाले, "जा की. चांगली संधी आहे."

तो गेला. शनिवार ओकेबोके झाले. लोक मात्र सॉफ्टवेअरबद्दल विचारत राहिले, आणि उत्तरं द्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. चाचपडत मी कोड शिकले. एक जुनी चूक दुरुस्त करून टाकली, तेव्हा आनंदानं रडले – सांगायला कुणी नव्हतं म्हणूनही.

सात महिन्यांनी तो दारात उभा. हातात बॅग.

"तुमची दुरुस्ती वाचली. माझ्यापेक्षा बरी केलीत."

"आणि नोकरी?"

"सोडली."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"लागलंय. जायच्या आधीच सांगायला हवं होतं..." त्यानं घसा साफ केला. "लग्न कराल माझ्याशी?"

कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या आजोबांनी पेपर खाली केला. "अहो बाई, हो म्हणा की लवकर! मला बातम्या वाचायच्यात."

मी हो म्हटलं. इतकं हळू, की त्याला पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणताना मात्र मला मुळीच लाज वाटली नाही.