एकेचाळीस नंबरचा पडदा

पडदा वाढवणं हे काही बघत बसण्यासारखं काम नाही. बरणीच्या झाकणाएवढी सच्छिद्र प्लॅस्टिकची चकती धातूच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, त्यात ठरलेलं सेंद्रिय रसायन घालायचं, भट्टी लावायची आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी चकतीवर स्फटिकांचा सायीसारखा थर धरलेला असतो. त्याच्या बारीक पोकळ्यांतून कार्बन डायऑक्साइड पलीकडे निसटतो, नायट्रोजन अलीकडेच राहतो. कारखान्याचा धूर असा गाळता यावा म्हणून मी नऊ वर्षं हेच करते आहे.

आईला एकदा हे समजावलं, तर म्हणाली, "एवढं शिकून शेवटी चाळणीच आली की गं हाती!"

त्यातही बहुतेक चाळण्या फुटक्या निघत. एकेचाळीस नंबरचा मात्र कुठेही तडा न जाता वाढला. मंगळवारी सकाळी काकांनी तो स्टीलच्या खोबणीत घट्ट बसवला. काका म्हणजे आमचे तंत्रज्ञ. नळ्या, झडपा, गळती यांत त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

झडप उघडली. पलीकडे येणारा वायू मोजणारी रेघ संगणकावर उमटू लागली. ती सरळ जायला हवी होती. ती लाटेसारखी वर-खाली होत होती.

"गळती आहे कुठेतरी," मी म्हणाले.

"माझ्या जोडणीत?" काका दुखावले. तरी त्यांनी प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा आला नाही. मीटर बदलला, सिलिंडर बदलला. लाट तशीच. मिनिटाला सोळा.

दुपारी मी तीन जिने चढून वर आले, तेव्हा ती चोवीस झाली होती. मी बाटली तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायले. काका एकदा माझ्याकडे, एकदा संगणकाकडे बघत राहिले.

"ताई, जरा श्वास धरा बघू."

मी धरला. रेघ सरळ झाली. सोडला. लाट पुन्हा सुरू.

माझा स्वभाव थर्मामीटरवरही संशय घेणारा. मी शेजारच्या इमारतीतल्या ग्रंथालयात जाऊन बसले आणि काकांना फोन लावला. ते रेघ बघून सांगत होते, "वर... खाली... वर..." मी श्वास हळू केला, भरभर केला, मध्येच थांबवला. एकदाही चूक झाली नाही.

पण आतापर्यंत आम्ही एकच बाजू, माझ्या श्वासाची, बदलून बघितली होती. दुसरीही बघायलाच हवी होती.

"काका, झडप अर्धी बंद करा."

छातीवर कुणी हात टेकवावा तसं झालं.

"पूर्ण करू?"

मी नको म्हणायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. हवाही आली नाही.

मी फोन टेबलावर आपटला. पुन्हा आपटला.

काकांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी झडप उघडली.

याला आठ महिने झाले. एकेचाळीस नंबर अजून चालू आहे. टिकाऊपणाची चाचणी, असं आम्ही वर कळवलं आहे. झडपेवर काकांनी 'हात लावू नये' अशी पाटी बांधली. पण पडदेही थकतात, पोकळ्या बुजतात. प्रवाह नऊ टक्क्यांनी उतरलाय. मी हल्ली दुसऱ्या जिन्यावर थांबते. आई म्हणते, वजन वाढलंय.

मध्यंतरी त्याच कृतीने बारा पडदे वाढवायचा वरून हुकूम आला. हरकत घ्यायची तर कागदावर काय लिहिणार? आम्ही ते बसवले आणि झडपा उघडल्या. बारा रेघा, बारा लाटा, प्रत्येकीची लय वेगळी. मी श्वास धरून पाहिला, काकांनीही धरला. एकही थांबली नाही. तीन नंबरची तर इवलीशी होती, मिनिटाला चव्वेचाळीस.

गेल्या बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास सात नंबरची रेघ सरळ झाली. पडदा शाबूत होता, वायू नेहमीइतकाच जात होता, झडपेला कुणी हात लावला नव्हता.

काकांनी खिशातून फोन काढला आणि घरी लावला. मग मीही लावला.

"या वेळेला फोन? काय झालं गं?" आई म्हणाली.

"काही नाही. असंच."

काकांच्या घरीही सगळं ठीक होतं. आमचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच दोघांनाही त्याची लाज वाटली.

"ताई," काका हळूच म्हणाले, "तीन नंबर बघा."

ती इवलीशी रेघ आता धड चालत नव्हती. दोनदा तुटक वर जायची, थबकायची, मग थरथरत खाली यायची. तान्हं मूल रडून रडून हुंदके देतं, तशी.