अनोळखी पुरुष, वय अंदाजे चाळीस

कुणाला घाबरवायला मी हे लिहीत नाहीये. माझं नाव ओतिलिया. याश शहरात औषधाच्या दुकानात काम करते, आणि भुताखेतांच्या गप्पांना मला वेळ नसतो. पण जे झालं ते माझ्या हातून झालं. तुम्हाला खोटं वाटलं तर वाटू दे, मला मात्र तसं म्हणून सुटता येत नाही.

तारीख बावीस फेब्रुवारी. शनिवार. जागा आमचं गाव, पोयाना लुंगा, याशपासून बसने दीड तास.

रात्र नव्हती. वीज गेली नव्हती. सकाळ होती आणि बर्फावर लख्ख ऊन पडलं होतं.

तरीही झालं.

आधी यादीचं सांगायला हवं. आमच्याकडे चर्चमध्ये घरच्या नावांची यादी द्यायची असते. कागदावर मधोमध एक रेघ. डावीकडे घरातले जिवंत, उजवीकडे मेलेले. पाद्री डावीकडची नावं आरोग्यासाठी वाचतात आणि उजवीकडची शांतीसाठी. आमच्या घरची यादी मी लिहिते, कारण आजीची नजर गेलीय. आजी म्हणजे सावेता, आईची आई, वय एक्याण्णव, घरात एकटी राहते आणि कुणाचं ऐकत नाही.

आमच्या यादीत डावीकडे, सगळ्यात वर, नेहमी एकच नाव असायचं.

झाहारिया.

आजीचे वडील. माझे पणजोबा. जन्म १९०७.

म्हणजे आमच्या यादीप्रमाणे ते एकशे सतरा वर्षांचे होते आणि दर महिन्याला आम्ही त्यांच्या तब्येतीसाठी प्रार्थना करत होतो.

१९४७च्या फेब्रुवारीत, दुष्काळात, ते मका आणायला दक्षिणेला गेले. तेव्हा इथले सगळेच जात. आगगाडीच्या टपावर बसून जायचं, घरात विणलेलं काहीबाही द्यायचं, बदल्यात पोतंभर मका घेऊन यायचं. कितीतरी जण टपावरच गोठले. पणजोबांनी आजीला सांगितलं होतं, नऊ दिवसांत येतो. आजी तेव्हा तेरा वर्षांची होती.

ते आले नाहीत. प्रेत नाही, कागद नाही, निरोप नाही. म्हणून पणजीने त्यांचं नाव कधी रेघेच्या पलीकडे जाऊ दिलं नाही. ती गेल्यावर आजीनेही नाही.

यात एक मेख होती. वर्षातले काही शनिवार मेलेल्यांचे असतात, तेव्हा आम्ही ताटं वाटतो. ताटात जेवण, वर छोटा पाव, पावात पेटवलेली मेणबत्ती. मेलेल्याचं नाव घेऊन ताट शेजाऱ्याला द्यायचं. इथे शेजारी जेवतो, तिकडे त्याला पोचतं. पण ज्याचं नाव उजवीकडे नाही, त्याला ताट नाही.

मागच्या उन्हाळ्यात आजीने मला समोर बसवलं.

"भुकेपायी गेलेला माणूस," ती म्हणाली. "मेला असेल तर सत्त्याहत्तर वर्षं उपाशी बसलाय कुठेतरी. आणि जिवंत असेल, तर जिवंताचं ताट मी कसं काढू? ओति, तू त्या कॉम्प्युटरवर सगळं शोधतेस. मला मरायच्या आधी एवढं शोधून दे."

मी हो म्हणाले. मला वाटलं, दोन रविवारांचं काम आहे.

आठ महिने गेले!

नाकी नऊ आले माझ्या. जुन्या नोंदवह्यांची चित्रं साइटवर चढवलीत म्हणतात. चढवलीत, पण अर्धी उलटी. काही पानांवर चित्र काढणाऱ्याचा अंगठा, आणि तोही नेमका नावावर. मी दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचून पोट भरते, पण त्या कारकुनांपुढे मी हात टेकले. एका कार्यालयाला मेल केली तर उत्तर आलं, अर्ज टपालाने पाठवा, दोन प्रतींत. पाठवला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, दुसरी प्रत मिळाली नाही.

नातेवाइकांची तर बातच सोडा. तिघांना विचारावं तर पाच गोष्टी ऐकायला मिळत. एक म्हणे पोत्यासाठी कुणीतरी टपावरून ढकललं. एक म्हणे टायफसने गेले. कोस्ताके मामा इटलीत बांधकामावर आहे, तो व्हिडिओवर खो खो हसला.

"अगं, तिकडे दुसरी बाई करून बसला असेल म्हातारा. आणि आपण इकडे त्याच्या तब्येतीसाठी मेणबत्त्या जाळतोय."

इतकी चीड आली की मी फोन कापला.

आठ महिन्यांत एकच कागद हाती लागला होता. सैन्यातून सुटल्याचा. झाहारिया, १९४३, डाव्या पायाची तीन बोटं थंडीने गेली, कामास अपात्र. तो मी जपून ठेवला आणि पुढे गेले.

मग फेब्रुवारीत, एका संध्याकाळी, दक्षिणेतल्या एका छोट्या स्टेशनच्या गावची मृत्यूची वही उघडली...

अकरा फेब्रुवारी १९४७. अनोळखी पुरुष. वय अंदाजे चाळीस. रुळांजवळ सापडला, गोठलेला. जवळ रिकामं पोतं. अंगावर जुनी खूण किंवा जखम नाही. गावाच्या खर्चाने पुरला.

मी ओरडलेच. तारीख जुळत होती. वय जुळत होतं. पोतं होतं. मी बटण दाबलं आणि ती नोंद त्याच साइटवरच्या आमच्या वंशवृक्षात पणजोबांच्या नावाला जोडून टाकली.

शेवटचं वाक्य मी वाचलं होतं. जखम नाही... वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. म्हटलं, कारकुनाने बूट काढून थोडंच पाहिलं असेल. खरं सांगू? मला ते संपवायचं होतं. कंटाळले होते मी.

आजीला फोन केला.

"नक्की ना?" तिने विचारलं.

"नक्की."

"मग लिही पलीकडे," ती म्हणाली आणि रडायला लागली. मेलेल्यांच्या शनिवारच्या दोन दिवस आधीच तिने पावाचं पीठ मळलं. थिजवलेल्या मटणाला लसूण लावला. स्वयंपाकघरात खिडकीजवळची खुर्ची पुसून घेतली. तिच्या वडिलांची जागा होती ती.

शनिवारी सकाळी आम्ही चर्चमध्ये उभ्या होतो. पाद्री माझी यादी वाचायला लागले. उजवी बाजू. पणजीचं नाव, आजोबांचं नाव, माझ्या आईचं नाव.

मग...

"झाहारिया."

मागे, दाराजवळ, कुणीतरी पोतं जमिनीवर ठेवल्यासारखा आवाज आला.

धप्प.

मी वळून पाहिलं. दार बंद होतं. दाराजवळ कुणी नव्हतं. फरशी कोरडी होती, आणि बाकी सगळ्यांच्या बुटांखाली तर बर्फाचं पाणी झालं होतं.

आमची शेजारीण आग्लाया, तीही वळली होती. आमची नजरानजर झाली.

घरी येऊन मी कुंपणावरून आग्लायाला ताट दिलं. झाहारियाच्या आत्म्यासाठी, असं म्हटलं. त्याला देव क्षमा करो, असं म्हणून तिने ते घेतलं. रीत झाली. मला हलकं वाटलं. आठ महिन्यांचा ताप संपला, असं वाटलं.

दहा मिनिटांत ती कुंपणाशी परत आली. ताट हातात. पांढरीफटक पडली होती.

"टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला वळले," ती म्हणाली. "एवढंच."

ताट रिकामं होतं. नुसतं रिकामं नाही... चाटूनपुसून साफ. हाडं नाहीत. पावाचा कण नाही.

ताटाच्या मधोमध मेणबत्ती तेवढी उभी होती. पेटलेली.

मांजर असेल, असं मी म्हणाले. आग्लायाकडे मांजर नाही.

मी आत आले तर आजी टेबलाशी ताठ बसली होती, एक हात वर करून. गप्प राहा, अशी खूण.

ओसरीवर पावलं वाजत होती.

लाकडी फळ्या आहेत आमच्या ओसरीला. चढणाऱ्याची प्रत्येक पायरी कळते.

धप... धप... धप...

खिडकीतून मला अख्खी ओसरी दिसत होती. ऊन होतं. पायऱ्यांवर सकाळपासूनचं पातळ बर्फ होतं. त्यावर एकही नवा ठसा उमटत नव्हता.

आजी मात्र हसत होती. एक्याण्णव वर्षांची बाई, पण तोंडावरचा आनंद तेरा वर्षांच्या पोरीचा. दाराकडे तोंड करून ती उठायला लागली.

पावलं दाराशी आली. आत आली. माझ्या अंगावरून गार वारा गेला आणि त्यात ओल्या तागाचा वास होता.

धप... धप... धप...

खिडकीजवळची खुर्ची करकरली.

आणि आजीचं हसू गेलं.

ती हळूच खाली बसली. मान कलती करून ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळून तिने अगदी हळू आवाजात विचारलं.

"ओति, हा कोण आहे?"

मी म्हटलं, आजी, तुझे बाबा.

"माझे बाबा लंगडायचे गं. एक पाऊल पडायचं, दुसरं घासायचं. याचे दोन्ही पाय धड आहेत." तिने माझा हात घट्ट धरला. "कुणाला घेऊन आलीस तू?"

माझ्या डोळ्यांपुढे ते वाक्य आलं. अंगावर जुनी खूण किंवा जखम नाही.

कारकुनाने बूट काढून पाहिलं होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा मला रडू फुटलं. भीतीने नाही. स्वतःवरच्या रागाने. आजीने आठ महिने माझ्यावर भरवसा ठेवला होता, आणि मी कंटाळून तिला कुणीतरी भलताच आणून दिला होता.

याशला परतल्यावर मी ती नोंद वंशवृक्षातून काढून टाकली. "तुमची खात्री आहे का?" असं साइटने विचारलं. जोडताना विचारलं नव्हतं.

पण तो गेला नाही.

मी पाद्रींना भेटले, सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी पोथी उघडली आणि पेन हातात घेतलं.

"निरोप नाव घेऊन द्यायचा असतो. नाव सांग, आत्ता वाचतो."

"नाव माहीत नाही, फादर."

"मग जा म्हणू कुणाला?"

आता मी पणजोबांना शोधत नाही. त्याला शोधतेय. त्या हिवाळ्याच्या वह्या पानापानाने वाचतेय आणि हाती येतायत ते आणखी अनोळखी पुरुष. वय अंदाजे पस्तीस. वय अंदाजे पन्नास. स्टेशनामागे. पुलाखाली. कुणाच्या जवळ पोतं, कुणाच्या जवळ तेही नाही. त्यातला प्रत्येक जण कुठल्यातरी घरच्या यादीत अजून डाव्या बाजूला असेल. या माणसाचीही कुणी म्हातारी मुलगी असेल, त्याच्या तब्येतीसाठी मेणबत्ती लावत असेल. तिचा बाप आमच्या स्वयंपाकघरात बसलाय, हे तिला कोण सांगणार? मलाच तिचं गाव माहीत नाही. डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

परवा पुन्हा मेलेल्यांचा शनिवार आहे, उन्हाळ्यातला. यादी लिहायची आहे. झाहारिया हे नाव कुठल्या बाजूला लिहू, हे विचारायला मी आज आजीला फोन केला. उजवीकडे लिहिलं तर याला जेवण मिळतं. डावीकडे लिहिलं तर मिळत नाही, पण हा उठतही नाही, नुसता करकरतो, असं आजी म्हणते. मार्चमध्ये एकदा करून पाहिलं आम्ही. रात्रंदिवस ती करकर ऐकून तिने तीन दिवसांत हार मानली. तेव्हापासून ती रोज त्याचं ताट वाढते.

मी म्हटलं, आजी, तू कोस्ताके मामाकडे जा थोडे दिवस. ती नाही म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"उपाशी माणूस आहे, त्याला ऊठ म्हणवत नाही मला," ती म्हणाली. "पण ओति, माझे बाबा आले तर?"

मी म्हटलं, घरात खुर्च्या काय कमी आहेत.

"खुर्च्या आहेत गं. नाव एकच आहे. ते याला दिलंस तू. त्यांना कुठल्या नावाने वाढू?"

मी यादीचा कागद बाजूला सारला.

तेवढ्यात फोनमध्ये, तिच्या मागून, ताटावर चमचा घासल्याचा आवाज यायला लागला... सावकाश, तळ खरवडल्यासारखा.

आजीने फोन ठेवला. बहुतेक आणखी वाढायला गेली.