आईच्या केळीचे चार खांब

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या दुसऱ्या वर्षीचा श्रावण. ओढ्यावरून धुण्याचं घमेलं कमरेवर घेऊन मी घराच्या मागच्या वाटेनं येत होते, तर समोरून एक केळ चालत आली.

खरंच सांगते! आधी पानं दिसली, मग खोड, आणि खोडाखाली खाकी विजार. वर भुरभुर पाऊस.

"जरा सरा बाजूला," खोडाखालून आवाज आला. "देवाचं काम हाये."

"कुटल्या देवाचं?"

"सत्यनारायनाचं. टेसन मास्तरांच्या क्वार्टरात पूजा हाये."

"आन केळ कुनाची?"

"रखमाजी आबांची."

"आन रखमाजी आबांची पोरगी कोन, ठावं हाये का?"

खोड जरासं तिरपं झालं. पानाआडून दोन डोळे बाहेर आले — काळेभोर, आणि आता चांगलेच घाबरलेले.

"तुमी...?"

मी घमेलं तिथंच टाकलं आणि परसात धावले, मागोमाग तो. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं आमच्या केळीचं बेट. त्याच्या मधल्या चार केळी गेल्या होत्या. तीन खाली आडव्या, चौथी त्याच्या खांद्यावर. बेटाच्या कडेला वाकड्या, वाऱ्यानं फाटलेल्या पाच-सहा तशाच उभ्या होत्या.

कुडापलीकडून शेजारची चिमा मावशी ओरडली, "अगं चंपे, मीच त्याला घे म्हनलं! घरात कोनी नव्हतं. मी आपलं कडंच्या घे म्हनून..."

"कडंच्या वाकड्या व्हत्या," तो म्हणाला. "देवाच्या कामाला निवडून घ्यावं."

निवडून! मला रडू फुटलं. त्याला कळेना, खांब हातात धरू की खाली ठेवू. शेवटी त्यानं तो लेकरासारखा दोन्ही हातांनी हळूच आडवा निजवला. केळीचा चीक त्याच्या सदऱ्याभर पसरला होता.

तेवढ्यात आबा शेतावरून आले. कापलेली खोडं पाहिली आणि न्हाणीच्या दगडावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "पोरा, ह्या केळी हिच्या आयनं लावल्या. तीन वर्सं झाली तिला जाऊन. जाताना म्हनली — चंपीच्या मांडवाला माज्या केळीचे चार खांब लावा, म्हंजी मी मांडवात असंन. ते चार सारख्या उंचीचे म्या राखून ठेवले व्हते. ह्या साली बघायचं व्हतं पोरीचं."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. भुरभुर पावसात तो तसाच उभा राहिला, आणि मला उगाच वाटलं, भिजंल बिचारा... लगेच स्वतःचा राग आला.

"आबा," तो म्हणाला, "मी हौशीराम. आंबीचा. रेल्वेच्या फाटकावर नवा आलोय. आमच्या घरी मळा हाये, मला केळीचं कळतं. आयच्याच बेटातली चार पिल्लं काढून लावतो. वैशाखापातूर सारखे चार खांब उभे करून देतो. शब्द."

"आन तवर पोरीचं लगीन?"

"...थांबंल." असं म्हणून त्यानं जीभ चावली.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर डोळ्यांना लावून आडून हसत होते. लग्नाची घाई मला कुठं होती!

कापलेले खांब आबांनी पूजेला नेऊ दिले. कापले ते कापले, देवाला तरी लागू देत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी सोडून, फाटक जोडीदाराच्या हवाली करून तो कुदळ घेऊन हजर. मी दारात उभी. मदत करायला नव्हे, लक्ष ठेवायला.

"हे रुंद पानाचं पिल्लू चांगलं दिसतंय की," मी म्हणाले.

"दिसतंय. पन ते नुसतं दिसन्यापुरतं. अरुंद, टोकदार पानाचं घ्यायचं. ते खालून गड्ड्याला घट धरून असतंय. त्यालाच जोर."

"तुमाला निवडायची लय सवय."

"व्हय. चूक झाली तरी सवय जात न्हाई." आणि सरळ माझ्याकडं बघितलं. मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. दाणे मघाशीच टाकले होते.

कमरेएवढी चार पिल्लं त्यानं गड्ड्यासकट उकरली, खड्ड्यात शेणखत आणि चुलीची राख घातली, न्हाणीच्या पाण्याला नवा पाट काढला. मग रोज काही ना काही निघायचंच. वाळलेली पानं उतरवायची. बुडाशी आलेली जास्तीची पिल्लं काढायची, नाहीतर ती आईचं सगळं खाऊन टाकतात. चारी केळी सारख्या उंचीच्या ठेवायच्या, म्हणून मागं पडलेलीला दोन पाट्या खत जास्त. उंची मोजायला काठी नव्हती. तो मला केळीशेजारी उभं करायचा.

"खांद्याला आली... टाचा उचलू नगा."

"न्हाई उचलल्या."

"मग केळ वाढली म्हनायची. का तुमी लाजून खाली झाला?"

"फाटकवाले, तुमची गाडी आली बघा!"

गाडी नसायची. तरी तो धावत सुटायचा, फाटकाजवळ पोचून मागं वळायचा आणि हात कमरेवर ठेवून उभा राहायचा. मी हसून हसून न्हाणीच्या भिंतीला टेकायची. त्या सदऱ्यावरचा चिकाचा डाग आता काळा झाला होता. केळीचा डाग कधी निघत नाही. तो सदरा टाकून द्या म्हटलं, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पयल्या दिसाची आठवन हाये."

त्या रात्री आबांच्या भाकरीवर मी दोनदा तूप घातलं. माझं कशातच लक्ष नव्हतं. मी प्रेमात पडले होते, आणि हे माझ्याशिवाय फक्त चिमा मावशीला ठाऊक होतं, कारण तिला सगळंच ठाऊक असतं.

तुळशीचं लग्न झालं आणि कार्ल्याहून नंदाबाई आपल्या मुलासाठी मला बघायला आल्या. मुलाचं हमरस्त्यावर चहाचं दुकान, घरची भातखाचरं, माणसं चांगली. मी पोहे दिले, खाली बघितलं. त्यांना मी पसंत. आबा म्हणाले, वैशाखात करू, तवर खांब हुतील. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा फुलला होता. त्या चेहऱ्यासमोर मला नाही म्हणवेना.

हौशीराम आला तेव्हा मीच त्याला सांगितलं. तो पान उतरवत होता. कोयता मध्येच थांबला.

"खांब... तयार हुतील," तो म्हणाला. "शब्द दिलाय."

"बास? येवढंच?"

"आबांचं आदीच येकदा नुसकान केलंय, चंपाबाई. आता कुटल्या तोंडानं..." पुढचं त्यानं गिळलं.

"खांब, खांब आन खांब! दुसरं काय बोलताच येत न्हाई तुमाला!" मी तणतणत घरात आले आणि चुलीपुढं बसून खूप रडले. आपल्या लग्नाचे खांब आपल्याच आवडत्या माणसानं पाणी घालून वाढवायचे, आणि ते दुसऱ्याच्या मांडवाला जायचे... असं कुठं असतं का?

रडून झाल्यावर आईची आठवण आली. आणि आईचा एक नियम आठवला. पोटुशी केळ कापायची नाही. एकदा केळफूल बाहेर आलं, केळ निसवली, की घड उतरेपर्यंत तिला कुणी कोयता लावायचा नाही. आबा हा नियम अजून पाळतात.

आमच्या मावळच्या थंडीत केळ निसवायला वर्ष-सव्वा वर्ष सहज लागतं. वैशाखाला उरले होते पाच-सहा महिने. मी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे धारा काढायच्या आधी मी बैलांच्या पेंडीतली ओंजळभर पेंड भिजवून चारी केळींना ओतायला लागले. वर शेणाचा काला, वर राख. "आई, जरा जोर लाव गं," एवढंच म्हणायचे. हौशीराम दुपारी यायचा, गुमान काम करायचा, गुमान जायचा. उंची मोजायलाही बोलवत नसे. केळी मात्र अशा काही वाढायला लागल्या की चिमा मावशीनं दृष्ट काढली.

पाडव्याला गुढी उभारून आबा परसात गेले आणि तिथूनच हाक आली. "चंपे! हितं ये!"

एका केळीतून जांभळं केळफूल खाली वाकलं होतं. शेजारच्या दोघींची पोटं फुगलेली. चौथीचं शेवटचं पान आखूड आलं होतं, म्हणजे तिचाही नंबर लागला. हौशीराम कुडाजवळ टोपी हातात धरून उभा होता.

"आठ म्हैन्यांत?" आबा म्हणाले. "मावळात? माज्या उभ्या जल्मात बघितलं न्हाई." मग माझ्याकडं वळून हळूच, "बैलाची पेंड येवढी कशी सरती, म्हनून म्या इचारनारच व्हतो."

"म्या घातली, आबा," मी म्हणाले.

"लेंडीखत म्या आनलं," त्याच क्षणी हौशीराम म्हणाला. "आंबीवरनं. धा पोती. पाचोळ्याखाली पुरलं."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघतच राहिलो.

"तुमी...? खांब तयार करतो म्हनला व्हता ना!"

"आन तू...? तू का घातलीस पेंड?"

तू! आठ महिन्यांत पहिल्यांदा. माझ्या कानापर्यंत ऊन ऊन झालं. तो खाली बघून आबांना म्हणाला, "आबा, शब्द मोडला. आयचा नियम मावशीकडनं कळला व्हता... निसवली तर कापनार न्हाईत, लगीन लांबंल, म्हनून... माजं मन हिच्यावर हाये. काय शिक्षा द्यायची ती द्या."

"आबा, माजंबी," मी म्हणाले.

आबा केळफुलाकडं वळले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते, डोळ्यांत पाणी येईतो.

"रतने, बघ गं," आईला मारायचे त्याच हाकेनं ते केळीला म्हणाले. "दोघं मिळून तुला खाऊ घालत व्हती... आन मी म्हनतोय जमीनच चांगली." मग आवाज चढवला. "कार्ल्याला मी सांगतो, चार मानसांत माफी मागून. तू तुज्या आय-बापाला आंबीवरनं बोलीव. पन लगीन पुढल्या वैशाखात. चार नवी पिल्लं राखायची. आन खबरदार, कुनी पेंड घातली तर!"

कार्ल्याच्या मुलाला त्याच वैशाखात छान मुलगी मिळाली. आमच्या परसात मात्र चार घड उतरले, सगळ्या वाडीला केळी पुरली.

पुढल्या वर्षी लग्नाच्या आदल्या सकाळी हौशीराम खांब कापायला आला. नवरदेवानं कापायची रीत नव्हे, पण आबा म्हणाले, त्यालाच कापू दे. चारी केळी सरळ, सारख्या, एकही निसवलेली नव्हती. मी हळदीच्या अंगानं न्हाणीआड उभी राहून बघत होते. त्यानं कोयता उचलला, आणि पुन्हा खाली ठेवला. टोपी काढली. आईच्या बेटासमोर हात जोडले.

"आई," तो म्हणाला, "मागल्या येळंला न इचारता नेले. आता इचारतो. नेऊ का?"

वारा नव्हता. पान हललं असं मी सांगणार नाही. मी पदराचं टोक तोंडात धरून रडत होते.

थोड्या वेळानं मी न्हाणीआडून विचारलं, "काय म्हनली आई?"

तो दचकला, मग हसला. अंगावर तोच जुना डागाचा सदरा होता. नव्याला डाग नको म्हणून घालून आला असणार.

"ने म्हनली," तो म्हणाला. "पन ह्या खेपेला निवडून चांगले घेतलेस, म्हनली."