एकदाच बघणारी पेटी

"थांबा! तिथंच थांबा!"

मी एवढ्या जोरात ओरडले, की दारात आलेला तो मुलगा एक पाय उचललेला तसाच उभा राहिला. इस्त्रीचा निळा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग... आणि अंगाला सेंटचा नुसता घमघमाट!

"सेंट लावून आत यायचं न्हाई. आमच्या अळ्यांना सोसत न्हाई. तिकडं नळ हाय, साबण हाय. मानबी धुवा."

"मी... पेटी दुरुस्त करायला आलो. अंगद. जालन्याहून."

"मंग अंगद जालन्याहून, आधी धुऊन या!"

बिचारा मुकाट्याने गेला. परत आला तेव्हा केस ओले आणि कानाच्या पाळीवर साबणाचा फेस तसाच. मला हसू आवरेना.

धावडा गावातली ही रेशीम किड्यांची शेड वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, माझ्या हट्टाखातर बांधली. पहिली बॅच उन्हाने गेली. 'तृप्ती, हीबी गेली तर शेडमधी मिरची भरू,' असं त्यांनी सांगूनच टाकलं होतं. म्हणून ही पेटी बसवलेली. शेडमधला उष्मा वाढला, की ती माझ्या मोबाइलवर कोकलते. मी तुतीच्या मळ्यातून धावत येते आणि खिडक्यांवरची पोती भिजवते. पण आता पेटी मुकी झाली होती. राउटरची वायर घट्ट खोचलेली असूनही तिच्या स्क्रीनवर एकच रड – केबल लावलेली नाही.

अंगदने वायर बदलली, पेटी बंद करून चालू केली. टुक्! हिरवा दिवा लागला. मी टाळ्याच वाजवल्या. तो गेला, संध्याकाळी लाइट गेली नि आली... आणि पेटी पुन्हा मुकी.

दुसऱ्यांदा आला. खाच साफ केली, वायर राउटरच्या दुसऱ्या खाचेत लावली, पेटी पुन्हा चालू केली. दिवा लागला. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी लाइट जाऊन आली, तसा दिवाही गेला.

"पोरगं हाय तवर चालतंय," आई म्हणाली. "त्यालाच ठिवून घ्या शेडमधी!"

माझे कान तापले. अळ्यांसाठी दिवा टिकायला हवा होता... पण टिकला, तर हा परत कशाला येईल? जीव नुसता दोन्हीकडे ओढत होता.

तिसऱ्यांदा आला तो गंभीर चेहऱ्यानेच.

"राग नका येऊ देऊ, पण... मी गेल्यावर वायर कुणी काढून तर न्हाई ना राह्यलं?"

"म्हणजे मी?" माझा आवाज चढला. "माझा सगळा जीव हाय या अळ्यांत!"

मी पाठ फिरवून पाला टाकू लागले. डोळे भरून आले होते. तेवढ्यात लाइट गेली. पंखे थांबले आणि शेडभर बारीक सरसर ऐकू येऊ लागली.

"पाऊस आला का?" त्याने हळूच विचारलं.

"अळ्या पाला खाऊन राह्यल्या," मी पाठमोरीच म्हणाले. पण राग जरा उतरला होता.

लाइट आली. पेटी लगेच टुक् करून जागी झाली. दिवा मात्र नाही. पलीकडे राउटर सावकाश एकेक बत्ती पेटवत होता. आम्ही दोघांनी एकदमच तिकडे पाहिलं.

"पेटी आधी उठली!" मी ओरडले.

"आणि राउटर अजून जांभया देऊन राह्यला!" अंगद उडालाच. "ती उठल्याबरोबर एकदाच बघते. समोर कुणी जागं दिसलं न्हाई, की केबलच न्हाई म्हणून मोकळी. मंग परत बघतच न्हाई! मी पेटी चालू करायचो तवा राउटर आधीच जागा असायचा, म्हणून चालायची!"

तो पालथ्या क्रेटवर बसला आणि पेटीच्या प्रोग्रॅममध्ये नवी ओळ घातली – थोड्या थोड्या वेळाने पुन्हा बघायचं. मग मीच मेन स्विच पाडला, पुन्हा चढवला. पेटी जागी झाली. दिवा नाही... अजून नाही... राउटर उठला... आणि हिरवा दिवा!

मी त्याचा दंड धरून गदागदा हलवला. मग हात तिथेच आहे हे दोघांच्याही लक्षात आलं.

"माफ करा, उगाच शक घेतला," तो म्हणाला. "माझंबी... या पेटीसारखंच हाय. पहिल्या दिवशी तुम्ही ओरडल्या ना, मी मनाशी ठरवलं – इथं आपलं काही न्हाई."

"मंग तिला शिकवलं, ते सोताबी शिका की." मी कसंबसं म्हणाले आणि पाल्याच्या ढिगाकडे पळाले.

कोष उतरवायच्या दिवशी शेड पांढरीशुभ्र झाली होती. अण्णा कोष हातात घेऊन सगळ्यांना दाखवत होते, मिरचीचं नाव नव्हतं. आणि दारात अंगद!

"पेटी तर बराबर चालू हाय," मी म्हणाले.

"माहीत हाय." तो आपणहून नळाकडे वळला.

"आज कुठं सेंट लावलाय? मंग कायला धुऊन राह्यले?"

"त्या दिवशी तरी पेटीसाठी थोडाच लावल्ता?" तो मानेवर साबण चोळत म्हणाला. "तक्रारीच्या फोनवर तुमचा आवाज ऐकला, म्हणून लावल्ता... आवडता तुम्ही मला, तृप्ती. तवापासून."

मी त्याच्याकडे बघितलं. लाजून मान वळवली. आणि थोड्या वेळाने पुन्हा बघितलं.