तिनं मागे घेतलेला रिपोर्ट

तिनं त्याच्या हातातला रिपोर्ट आधी हिसकावून घेतला आणि मग विचारलं, "नसांचे डॉक्टर तुम्हीच ना?"

जिन्याच्या वळणावर तो थबकलाच. रक्त तपासणीच्या लॅबमधून ती तीन जिने धावत आली होती. पांढरा कोट, कपाळावर घाम, आणि डोळे असे की समोरच्याची बोलतीच बंद.

"मीच. पण हा माझ्या पेशंटचा..."

"सही माझी आहे. आणि तो... तो चुकलाय."

हे बोलताना तिला किती जड गेलं, ते तिचं तिलाच ठाऊक. सहा वर्षांत तिचा एकही रिपोर्ट चुकला नव्हता, आणि त्याचा तिला चांगलाच तोरा होता.

पेशंट म्हणजे वॉर्डातले शिंपीमामा. दोन्ही हातांतली ताकद ओसरत चालली होती. रक्तात स्वतःच्याच नसांवर उलटलेली अँटिबॉडी सापडली, तर औषध होतं. नाही सापडली, तर बहुधा तोच आजार, ज्याला इलाज नाही. रिपोर्टवर 'नाही' लिहिलं होतं, आणि मामांना ते सांगायलाच तो निघाला होता.

"ही अँटिबॉडी थंडीतच नीट धरते," ती म्हणाली. "रक्ताच्या नमुन्यांचा ट्रे रात्रभर फ्रिजमध्ये हवा. फ्रिज भरलेला होता, म्हणून मी तो टेबलावर ठेवला... आणि विसरले. सही केल्यावर आठवलं."

"गप्प बसला असतात, तर कुणाला कळलंही नसतं."

"मला कळलं होतं ना!"

तो बघतच राहिला. मग हसून म्हणाला, "आज मामांना काही सांगत नाही. पण उद्या रिपोर्ट न्यायला मी स्वतः येणार."

"शिपाई आहे की आमच्याकडे!"

"त्याला कशाला उगाच त्रास?"

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा ट्रेमधल्या मामांच्या रक्ताच्या खणांत गडद पिवळा रंग उतरला होता. "आहे! अँटिबॉडी आहे!" असं ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या टेबलावरच्या बाई दचकल्या. नव्या रिपोर्टवर तिनं सही केली, खाली 'आधीचा रिपोर्ट माझ्या चुकीमुळे रद्द' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, आणि मान ताठ ठेवून कागद त्याच्या हातात दिला.

मामांचं औषध सुरू झालं. डॉक्टरांच्या लॅबमधल्या फेऱ्याही सुरू झाल्या. कधी रक्ताची नळी बरोबर भरली का विचारायला, कधी नुसतंच... सहज.

तीन आठवड्यांनी त्यानं तिला वॉर्डात बोलावलं. मामा खाटेवर बसून सदऱ्याचं बटण लावत होते. बोटं अडखळत होती, पण कुणाला हात लावू देत नव्हते. बटण लागलं. तिचा ऊर भरून आला.

"मला तुमचा फार अभिमान वाटतो," तो तिच्या कानाशी पुटपुटला. "आणि... नुसता अभिमानच नाही. माझं प्रेम आहे तुमच्यावर."

तिचे गाल तापले. तरी आवाज लॅबमधलाच ठेवून ती म्हणाली, "एकदाच आलेला निकाल मी धरत नाही, डॉक्टर. पुन्हा सांगा."

तो पुन्हा म्हणाला, आणि या वेळी मामांनीही ऐकलं.

"अगं पोरी, आता तरी हो म्हण," मामा म्हणाले. "लग्नाचा सदरा मलाच शिवायचाय."

"हो," ती म्हणाली, आणि कुणाची पर्वा न करता तिनं त्याचा हात धरला.