मधल्या व्हरांड्यातला बाक

हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. कुणाच्या मावसभावाने सांगितलेलं नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. या वयात लोकांना पटवत बसायचा मला कंटाळा आलाय.

आणि अमावस्येची रात्र वगैरे शोधू नका. १९७३ चा मे महिना, केडगावच्या बाजूचा एक दवाखाना आणि भर दुपारचं टळटळीत ऊन.

मी तेव्हा नवा डॉक्टर होतो. आमचे वरिष्ठ डॉ. गोरक्षनाथ म्हस्के यांनी एक खूळ डोक्यात घेतलं होतं. खूळ हा बाकीच्यांचा शब्द. एकाच डॉक्टरला माणसाची छातीही तपासता आली पाहिजे आणि मनही, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी सकाळी मेडिकल वॉर्ड आणि दुपारी मानसोपचार, असं शिक्षण त्यांनी सुरू केलं.

शिकायला तयार झालो मी एकटा.

बाकीचे डॉक्टर मला 'तळ्यात-मळ्यात' म्हणायचे. मी समोरून आलो की हसायचे. माझं डोकं फिरायचं.

दोन विभागांच्या मध्ये एक व्हरांडा होता आणि तिथे लाकडी बाक. मेडिकलवाले सांगायचे, "हे मनाचं आहे, पलीकडे जा." मानसोपचारवाले सांगायचे, "आधी अंग तपासून या, पलीकडे जा." घोडं इथंच पेंड खात होतं. म्हणून म्हस्के सरांचा नियम होता... पेशंटला पाठवायचं नाही. स्वतः हात धरून न्यायचं आणि दोन्हीकडचं बोलणं संपेपर्यंत त्याच्याशेजारी बसायचं.

नियम पाळणारा पुन्हा मी एकटाच.

त्या बाकाचं एक मला खटकायचं. बाक चांगला लांबलचक. तरी लोक टोकाला अंग चोरून बसायचे.

मधली जागा कायम रिकामी...

आया मालनबाईंना मी एकदा विचारलं.

"तितं केशरबाई बसल्याली," त्या म्हणाल्या. "गेल्या दिवाळीत आल्ती. ह्यांनी तिकडं धाडली, त्यांनी हिकडं. दिसभर तेच. ह्यांना वाटलं त्यांच्याकडं हाय, त्यांना वाटलं ह्यांच्याकडं. संध्याकाळी मी झाडाया आले तर म्हातारी बसल्या जागी गार पडल्याली."

"मग?"

"मग काय? अजून तिच्या मशेरीचा वास येतो न्हवं का."

मी हसलो नाही. पण विश्वासही ठेवला नाही.

त्या दुपारी मी व्हरांड्यात आलो तेव्हा बाकावर लंकाबाई बसली होती. कर्जतकडची, ऊसतोडीहून गावी परतणारी. वय विशी-बाविशीचं. धाप लागलेली, ओठ निळसर. शेजारी नवरा सहादेव, रडकुंडीला आलेला.

"सकाळधरनं हिकडनं तिकडं चाललंय डागदर," तो म्हणाला. "ते म्हनत्यात ही रडती, दातखिळी बसती, म्हंजी डोक्याचं हाय. हे म्हनत्यात धाप लागती, छातीचं बघा. आमी कुनाकडं जायाचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तिथेच तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि तिला डाव्या कुशीकडे कलायला सांगून छातीला नळी लावली. झडपेचा आवाज स्पष्ट होता. हृदयाची झडप आखडली होती, फुप्फुसात पाणी उतरत होतं. मग मी विचारलं, "बाई, रडू कधीपासून येतंय?"

तिने तोडक्या श्वासात सांगितलं. उसाच्या फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत ती बाळंत झाली होती. पोर दोन रात्री जगलं. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा मोळ्या वाहत होती.

दोन्ही खरं होतं. छातीही आणि मनही. म्हस्के सर बोंबलून हेच सांगत होते.

"आत चल," मी म्हणालो.

तिने मान हलवली.

"म्हातारी नको म्हनती."

"कोण म्हातारी?"

तिने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "ही काय. म्हनती, आत गेलीस की परत धाडत्यात. हितंच बस, बाय."

तेवढ्यात मला वास आला...

मशेरीचा.

आसपास तंबाखू भाजणारं कुणीही नव्हतं. व्हरांड्यात वारासुद्धा नव्हता.

मी सहादेवला सांगितलं, "हिचा हात सोडू नकोस." मालनबाईंना ऑक्सिजन आणायला पिटाळलं आणि इंजेक्शन आणि खाटेसाठी मेडिकलमध्ये शिरलो.

म्हस्के सर त्या दिवशी रजेवर होते. तिथे दोन्ही विभागांचे प्रमुख चहा घेत होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकून त्यांच्यात वाद लागला... खाट कुणाची द्यायची? रडते म्हणजे तुमची. धाप लागते म्हणजे तुमची. मी अक्षरशः ओरडलो, "अहो, बाई एकच आहे!"

आणि बाहेरून हसण्याचा आवाज आला.

दोन बायकांचा. एक तरुण, एक म्हातारी. माहेरी भेटल्यावर बायका हसतात ना, तसा.

मग बाक करकरला...

मग काहीच नाही. तिची धापही ऐकू येईना.

मी धावत बाहेर आलो. लंकाबाई भिंतीला टेकून बसली होती. चेहरा शांत. नाडी नव्हती. मी तिला फरशीवर घेऊन छाती दाबत राहिलो, मालनबाई नळकांडं घेऊन आल्या तरी दाबत राहिलो. शेवटी त्यांनीच माझा दंड धरला.

सहादेवने तिचा डावा हात अजून सोडला नव्हता.

"मी ह्यो हात धरूनच हुतो," तो पुटपुटत होता. "पन त्यो दुसरा... त्यो कुनी धरला हुता?"

उजवी मूठ घट्ट आवळलेली होती. आत कुणाचा तरी हात असावा तशी. मी उघडली. मुठीत काही नव्हतं, पण तळव्याला मशेरी लागली होती.

पुढे ते शिक्षण बंद पडलं. 'निष्पन्न काही नाही' असं वरून कळवलं. बाकाला तेवढा नवा रंग दिला.

हे आज सांगायचं कारण वेगळं आहे.

गेल्या आठवड्यात मला धाप लागायला लागली. बायको गेल्यापासून झोप नाही, जेवण नाही, मधूनच डोळे भरून येतात. मुलाने मोठ्या दवाखान्यात नेलं. चकचकीत, गार हवा. तरुण डॉक्टरने कॉम्प्युटरवरून मानही वर न करता सांगितलं, "हे डिप्रेशन वाटतंय. पलीकडे दाखवा." पलीकडच्या बाई म्हणाल्या, "आधी हार्ट तपासून घ्या."

मधे स्टीलच्या खुर्च्यांची रांग होती. मी थकून बसलो. थोड्या वेळाने लक्षात आलं... मी पार टोकाला, अंग चोरून बसलो होतो.

आणि मशेरीचा वास आला.

"सरक ना वाईच, बाय," कुणीतरी शेजारून म्हणालं. "डागदर आल्यात. त्यांना नीट बसू दे."

मी तसाच उठून घरी आलो. मुलगा चिडला. त्याला काय सांगणार?

उद्या परत बोलावलंय. मी फोन करून विचारलं, कुठल्या खोलीत यायचं?

ते म्हणाले, "अजून ठरलं नाही. आलात की मधे बसून राहा."